झोपायच्या आधी परत

उशीवाल्या काकूंना गोंधळायला एरवीही फार कारण लागत नसे, पण त्या वर्षी गोंधळ उडावा असंच सगळं जमून आलं होतं. काकांच्या मागे दुकान त्यांनीच चालवलं. उशा उत्तम, टाका असा की शोधून सापडायचा नाही. गिऱ्हाईक तेवढं येईना. मुलगा म्हणाला, "वर्षअखेरपर्यंत बघू, आई. नाहीतर गाळा भाड्याने देऊन टाकू." एक चष्मेवाला येऊन बघूनही गेला. जाताना भिंत मोजली मेल्याने!

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. जाऊ म्हणाली, पाटी मोठी करा. केली. भाचा म्हणाला, रील टाका. काकू उशी कवटाळून कॅमेऱ्यासमोर हसल्या, तर ते पाहून बहिणीचा फोन, "तब्येत बरी आहे ना गं?" दिराने तर कहरच केला. दोन उशांवर एक फुकट! आठवडाभर झुंबड, आणि मग जो शुकशुकाट झाला तो झालाच. अहो, घरात डोकी दोन आणि उशा तीन झाल्यावर माणूस परत कशाला फिरकेल? पण हे तेव्हा एकाही शहाण्याला सुचलं नाही. एकाचं ऐकावं तर दुसरा रुसायचा, म्हणून काकूंनी सगळ्यांचंच ऐकलं.

शेवटी मुलाने एक बाई आणल्या. छोट्या धंद्यांचं मार्केटिंग बघायच्या, आठवड्यातला एकेक दिवस एकेकाकडे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक कोण?"

"ज्याला डोकं आहे तो!" काकू म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत राहिल्या, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करत राहिल्या. ही बया जाहिरात करणार तरी कधी, काकूंना कळेना. महिन्याभराने बाई म्हणाल्या, "नव्या उशा बंद करा."

"अगं बाई! मग विकू काय, माझं कपाळ?"

"लोकांना नवी उशी नकोच आहे, काकू. मानेला सवय झालेली, स्वतःची हवी आहे. ती घेऊन येतात आणि तुम्ही सांगता, टाका ती, नवी घ्या. तीच उसवा, कापूस पिंजून पुन्हा भरा. पाटीवर एवढंच लिहा, सकाळी आणा, झोपायच्या आधी न्या. एक रात्रही दुसऱ्या उशीवर काढायला नको."

जाऊ म्हणाली, दुकान बुडवायचा याहून सोपा मार्ग नाही. दीर म्हणाला, निदान अभ्रा तरी फुकट द्या. बाईंनी दोघांनाही नाही म्हटलं, तेही गोड हसून. काकू विचार करून करून थकल्या होत्या, म्हणून हो म्हणाल्या.

आणि लोक यायला लागले की! चपट्या, कळकट, डाग पडलेल्या उशा छातीशी धरून. काकूंना हसावं की रडावं कळेना. जन्मभर नवी उशी करायला शिकले, आणि नाव झालं ते जुनीसाठी?

बाईंचं ठरलेलं काम संपलं, त्या गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका हॉटेलवाल्याचा माणूस आला. शेकड्यांनी नव्या उशा हव्या होत्या, पंधरा दिवसांत, आणि आजच्या आज होकार. मुलगा जवळजवळ नाचलाच. "आई, गाळा वाचला!" जाऊ आणि दीर जन्मात पहिल्यांदा एकमताचे झाले.

काकूंनी टेबलाकडे पाहिलं. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरची उशी उसवून पडली होती. तिच्यामागे आणखी दहाबारा. हॉटेलचं काम धरलं तर ही सगळी माणसं पंधरा दिवस कशावर झोपणार? आणि पुढे कशाला येणार? बाईंना विचारावं म्हणून हात फोनकडे गेला, तसाच मागे आला. सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

"नको," काकू म्हणाल्या. आपणच बोललो याचा त्यांनाच धक्का बसला.

"आई, अगं शुद्धीवर आहेस ना?"

"माहीत नाही रे. पण नको."

मुलाने हॉटेलवाल्याला फोन लावला. "नाही जमणार, साहेब. नाही, भावाचा प्रश्न नाही. आई नाही म्हणते, आणि इथलं तीच ठरवते."

काकू स्टुलावर बसल्या. शहाणपण केलं की पायावर धोंडा मारून घेतला, त्यांना अजूनही कळत नव्हतं. डोळे मात्र भरून आले होते.