मुलाखतीला वडिलांना घेऊन

कळंबच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी माझ्या बॅगेची चेन पुन्हा उघडली. आत दोन स्वेटर, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या पदव्यांची फाइल होती. फाइलवर त्यांनी एक वेटोळं ठेवलं. पिवळी नायलॉनची दोरी, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली. ती दोरी मी लहानपणापासून ओळखत होते. अण्णा आमच्या शाळेत शिपाई होते आणि खो-खोचं मैदान आखायचं काम त्यांचं होतं. दोरी गाठीपासून गाठीपर्यंत ताणायची आणि तिच्या कडेनं चुन्याची फक्की सोडत जायचं.

"तिकडं दोरी मिळत नसंल का?" आई म्हणाली.

"दोरी मिळंल. गाठी मिळायच्या नाहीत."

मी न्यूझीलंडला निघाले होते, पण अण्णा मुंबईला विमानतळावर आले नाहीत. "आत सोडत नाहीत म्हणं," म्हणाले. "मग बाहेरच थांबायचं तर आपलं स्टँड काय वाईट आहे? जा माय." गाडी हलली. मी मागं पाहिलं तर ते स्टँडच्या कमानीखाली उभे होते, हात मागं बांधून. शाळा सुटेपर्यंत गेटवर उभे राहायचे, तसेच.

अण्णांची आठवण काढली की मला ते नेहमी कुठल्या तरी गेटबाहेरच दिसतात. बारावीनंतर मी शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेशाला गेले, तेव्हा ते बाहेर लिंबाखाली बसून होते, हातात माझ्या कागदांच्या झेरॉक्सचा दुसरा संच घेऊन. पुढं पुण्यात मास्टर्सच्या मुलाखतीलाही तेच. "आत एकटं जायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "सोबत माणूस दिसला की समोरच्याला वाटतं, वशिला लावायला आली." आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. मी राखीव जागेवर शिकले. ती जागा नसती तर मीही नसते, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण पुण्यात एक मैत्रीण डबा खाता खाता सहज म्हणाली, "तुझं बरंय बाई, तुमच्यासाठी जागा ठेवलेलीच असते." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी मात्र त्या दिवसापासून ती गोष्ट कुणाला सांगणं बंद केलं. पुण्यात नाही, आणि पुढं इकडं आल्यावर तर नाहीच.

ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीत ती दोरी निघाली. गाठींमध्ये आमच्या मैदानाची माती अडकलेली होती. अधिकारी बाई फार सौम्यपणे म्हणाल्या की चटणी चालेल, माती चालणार नाही. दोरी घेऊन आत गेल्या आणि थोड्या वेळानं स्वच्छ धुतलेली, ओली दोरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला परत दिली. माझा नवरा नितीन बाहेर वाट पाहत होता. मी त्याला पहिलं वाक्य बोलले ते असं, "माती काढून घेतली रे." तो म्हणाला, "दोरी दिली ना? मग चल."

याला आता अकरा वर्षं झाली. पहिलं वर्ष मी ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागातल्या एका गोदामात खोकी भरली. कामाला मी कधी लाजले नाही, अण्णांनी शिकवलंच तसं होतं. मग नितीनला हॅमिल्टनमध्ये दूध प्रक्रियेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. घरासमोर क्रिकेटचं मैदान होतं. शनिवारी मुलींची टीम सरावाला यायची आणि चेंडू त्यांच्या पायांमधून जायचे. तीन शनिवार मी कुंपणाबाहेरून पाहिलं. चौथ्या शनिवारी त्यांचे कोच ग्रेग यांनीच विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" मी त्यांना खो-खोतली बैठक दाखवली. पाठलाग करणारा खेळाडू उकिडवा बसतो, खो मिळताच उसळी मारतो आणि सूर मारून गडी बाद करतो. फिल्डरला तरी दुसरं काय हवं असतं? तिथून माझं काम सुरू झालं. इथली प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं मिळवली, क्लबची मुख्य टीम मिळाली, मग विभागाच्या मुलींची. आमच्या मुली हुलकावणी द्यायला शिकल्या. 'खो' हा शब्द त्या मैदानावर आता 'हीप्स' आणि 'स्वीट अ‍ॅज' या इथल्या बोलीतल्या शब्दांइतकाच नेहमीचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाला सहायक फिल्डिंग कोच हवा होता. जाहिरातीत एक नियम होता. मुलाखतीला बोलावलेल्यांत निदान एक स्त्री हवी आणि ज्या समाजांतले लोक या कामात आजवर फारसे दिसलेले नाहीत, त्यांतली निदान एक व्यक्ती हवी. नेमणूक कुणाची करायची यावर बंधन नव्हतं. बंधन होतं ते फक्त बोलावण्यावर. ग्रेगनं ते वाचून माझी थट्टा केली, "वर्षा, त्यांना लॉटरी लागली. दोन्ही रकाने, एकच खुर्ची." मी हसले. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं.

त्याच आठवड्यात मराठी मंडळींच्या जेवणाला एक काका विषय काढून म्हणाले, "इथंही कोटा आला म्हणा. आपण तर त्याला कंटाळून देश सोडला." आजूबाजूचे चारपाच जण हसले. मी ताटात आणखी थोडी मटकीची उसळ वाढून घेतली आणि खाली बघून जेवले.

बोलावण्याचं पत्र आलं. शेवटी एक ओळ होती: सोबत आपल्या 'फानाऊ'ला, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत घरच्यांना, जवळच्या माणसांना, आधारासाठी आणू शकता. मी ती ओळ चार वेळा वाचली. मुलाखतीला घरचं माणूस? मला वाटलं, हीच खरी परीक्षा आहे. कोण वशिला घेऊन येतो ते यांना बघायचं असणार. नितीन म्हणाला, "अगं, माझ्या ऑफिसात माओरी उमेदवार आणतात घरच्यांना. मी सुट्टी टाकतो." मी त्याला सक्त मनाई केली आणि एकटी गेले.

आत टेबलापलीकडे पाच जण होते. सगळे उभे राहिले आणि माओरीत चार ओळी म्हणाले. त्याला कराकिया म्हणतात, आपल्या शाळेतल्या परिपाठासारखं. मग प्रत्येकानं आपली ओळख करून दिली, माझा डोंगर अमुक, माझी नदी तमुक, माझी माणसं अमुक ठिकाणची. माझी पाळी आली तेव्हा मी माझं नाव सांगितलं आणि पदव्या सांगितल्या. पॅनेलवर मेरे नावाच्या बाई होत्या, माओरी, पन्नाशीच्या, स्वतः जुन्या खेळाडू. त्यांनी विचारलं, "आज तुझ्याबरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही," मी ताठ बसून म्हणाले. "मी गुणवत्तेवर आले आहे."

पुढचा तासभर मी त्यांच्या प्रश्नांना बरोबर उत्तरं दिली आणि ती जागा माझ्या हातून गेली.

नाही म्हणून फोन आला तो मेरेबाईंचाच. त्या म्हणाल्या, "तुझ्या कामाबद्दल आम्हाला शंका नव्हती. पण तू कोण, कुठली, काहीच सांगितलं नाहीस. आम्हाला वाटलं, तू आमच्यावर रागावून आली आहेस." मी त्यांना वशिल्याचं सांगितलं. त्या मोठ्यानं हसल्या. मग म्हणाल्या, "फानाऊ आमच्याकडे शिफारस करायला येत नाही गं. ज्या लोकांनी तुला इथवर आणलं, त्यांना बाहेर ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून येतात." मी शेवटी धीर करून विचारलं, "मला नियमामुळेच बोलावलं होतं ना?" "हो," त्या म्हणाल्या. "पत्र नियमामुळे गेलं. मी तुझ्या वयाची होते तेव्हा मला पत्रसुद्धा येत नव्हतं. मी काय खेळत नव्हते?"

ते उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवलं.

ज्यांची नेमणूक झाली ते गृहस्थ एका हंगामानंतर ऑस्ट्रेलियाला गेले आणि जागा पुन्हा निघाली. तेव्हा आई-अण्णा आमच्याकडे आले होते, पहिल्यांदाच. अण्णा सकाळी जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालून मैदानाला चक्कर मारायचे. इथं रेषा रंगाच्या फवाऱ्यानं मारतात हे पाहून त्यांना वाईट वाटलं होतं. "हाताला लागतच नाही काही," म्हणाले.

पत्र आलं, तीच ओळ होती. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही चला."

"मी कशाला? मला विंग्रजी येत नाही. अन् लोक काय म्हणतील, बाप घेऊन आली."

"इथं घरचं माणूस आणलेलंच आवडतं त्यांना."

"काहीतरीच."

दोन दिवस त्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी आईनं त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "लेक बोलवायली तर जावं. इथं तुमचं गेट कुठंय राखायला?"

त्या दिवशी मी, नितीन आणि अण्णा गेलो. इमारतीच्या दारापाशी अण्णा थबकले. "तुम्ही जा. मी इथं थांबतो, बाकडं बी आहे." त्यांनी हात मागं बांधलेसुद्धा. तेवढ्यात मेरेबाई बाहेर आल्या, "किया ओरा" म्हणून माओरीत नमस्कार केला, अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना सरळ आत घेऊन गेल्या. अण्णा माझ्याकडे वळून बघत होते, चूक होत असल्यासारखे.

या वेळी मी सांगितलं की आमच्या गावाजवळून मांजरा नदी वाहते, आणि उन्हाळ्यात ती वाहत नाही. पॅनेल हसलं. मी कोणी आखलेल्या मैदानावर खेळले तेही सांगितलं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं की घरच्यांना काही बोलायचं आहे का. मी नितीनकडे पाहिलं, त्यानं अण्णांना प्रश्न मराठीत सांगितला. अण्णा उभे राहिले.

ते मराठीत बोलले, सावकाश, मैदानात सूचना द्यायचे तशा आवाजात. "मी शाळेत शिपाई होतो. मैदान आखायचो. ही राखीव जागेवर शिकली. लोक बोलायचे, मला ठाऊक आहे, ही घरी सांगत नव्हती. मी इतकी वर्षं फक्की मारली. फक्की मारून कुणी जिंकत नाही साहेब, पळावं लागतं. पण फक्कीच मारली नाही तर खेळ सुरू कुठून करणार? ही पळाली. एवढंच."

आणि बसले.

भाषांतर मी करायचं होतं. मी सांगितलं की वडील शाळेत काम करायचे, मैदान आखायचे, मैदान आखलं तरी पळावं खेळाडूलाच लागतं असं ते म्हणतात. राखीव जागेचं वाक्य मी गाळलं. ठरवून नाही गाळलं, ते तोंडातून निघालंच नाही. नितीन पुढं सरकला. "तिनं मुख्य गोष्ट सोडली," तो इंग्रजीत म्हणाला, आणि माझ्याकडे बघून मराठीत, "तू सांगतेस की मी सांगू?"

अण्णा समोर बघत होते. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण मी काय सोडलं ते त्यांना कळलं असावं. मी सांगितलं. राखीव जागा म्हणजे काय, ती कुणासाठी आणि का ठेवली, मी ती कशी वापरली, आणि इतकी वर्षं का लपवली. मेरेबाई मान हलवत होत्या. पॅनेलवरचे एक वयस्क गोरे गृहस्थ म्हणाले, "तर मग चला, रेषा मारून दाखवा."

दुसरा भाग प्रत्यक्ष मैदानावर होता. संघातले सहा खेळाडू आले, सगळे सहा फुटांचे. मी पिशवीतून दोरी काढली. एक टोक अण्णांनी धरलं, एक मी. मग मी खेळाडूंना ओळीत उकिडवं बसायला सांगितलं. एकालाही बसता येईना. कुणाच्या टाचा उचलल्या जात होत्या, कुणी मागं कलंडत होतं, आणि त्यांचा सगळ्यात वेगवान गोलंदाज तर बसला तो गवतावर आडवाच झाला. अण्णा म्हणाले, "यांना आधी बसायलाच शिकवावं लागतंय की." नितीननं ते भाषांतरित केलं. पडलेला गोलंदाज सगळ्यात जास्त हसला. पाऊण तासानं तोच दोन पावलांत उसळी मारून चेंडू अडवत होता, आणि त्याला थांबवावं लागलं.

जागा मला मिळाली. फोन मेरेबाईंचाच होता.

पुढच्या मंडळाच्या जेवणात तेच काका अभिनंदन करायला आले. "गुणवत्तेवर मिळवलंस, वा." मी म्हणाले, "काका, बोलावलं नियमामुळे. आणि त्याच्याही आधी शिकले राखीव जागेवर. गुणवत्ता त्यानंतर दाखवता आली." त्यांनी हातातलं ताट टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "बस ना, उभी का?" आणि शेजारची खुर्ची ओढली. मी बसले. आम्ही क्रिकेटवरच बोललो.

तुमच्यातल्या ज्या मैत्रिणी तिकडं शाळांमधून मैदानं सांभाळत आहेत, आणि माझ्यासारखे जे इकडं येऊन कुठल्या तरी कुंपणाबाहेरून खेळ बघत उभे आहेत, त्या सगळ्यांसाठी हे लिहिलं. पत्र आलं तर जा. ते का आलं याचा हिशेब नंतर करता येतो. आणि सोबत आणा म्हणाले तर आणा.

परत जायच्या आदल्या दिवशी अण्णांनी नितीनला हार्डवेअरच्या दुकानात नेलं आणि नवी दोरी घेतली. दिवसभर ते अंगणात बसून जुन्या दोरीवरून नवीवर गाठी मारत होते. मला वाटलं नवी माझ्यासाठी आहे. त्यांनी जुनी माझ्याकडे ठेवली आणि नवी आपल्या बॅगेत टाकली. त्यांच्या शाळेतला नवा शिपाई मैदान अंदाजानं आखतो म्हणे.

नव्या दोरीला आमच्या अंगणातलं गवत चिकटलेलं होतं. मी म्हणाले, "अण्णा, झटकून घ्या." ते म्हणाले, "राहू दे. आपल्याकडं कोण धुऊन घेतंय?"

घर कुठं, असं पूर्वी कुणी विचारलं तर मी कळंब म्हणायची आणि मग अडखळायची. आता अडखळत नाही. एक दोरी तिकडं ताणली जाते, एक इकडं, आणि दोन्हींवरच्या गाठी एकाच मापाच्या आहेत.