पहिले पान आणि शेवटचे पान

तुदोसिया ही आमच्या प्रौढ साक्षरता वर्गातील सर्वांत वयस्कर विद्यार्थिनी. तिचे वय एकाहत्तर आहे. मी तिच्याच बाकावर बसते आणि माझे घर तिच्या घरासमोर आहे. म्हणून तिच्याविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे मी समजते.

ती स्थिर बसत नाही, हे प्रथम सांगणे आवश्यक आहे. बाकावर बसली तरी तिचा एक पाय दाराच्या दिशेने असतो. तिचे आईवडील लवकर वारले. वरच्या खोऱ्यातील एका गावात ती लोकांचे पाळीव हंस राखत असे, आणि राखणाऱ्याला बसून चालत नाही. शाळेत ती गेली नाही. तिचे जेवण म्हणजे कुणी आपल्या मृतांच्या नावाने दिलेले वाडगे. असे वाडगे घेताना आमच्याकडे आभार मानत नाहीत; मानले तर ते अन्न मृताला पोहोचत नाही. ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणतात, म्हणजे गेलेल्याला देव क्षमा करो. तुदोसियाने बालपणी हा एकच शब्द अगणित वेळा उच्चारला. आभाराचा दुसरा शब्द तिच्या जिभेवर बसला नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने तिला कुणी काही दिले नाही.

पुढे निस्तोरशी लग्न होऊन ती आमच्या गावी आली. तीस वर्षे तिने बिटाच्या शेतात काम केले. निस्तोरने कुंपणाला लागून एक अक्रोडाचे झाड लावले. कुंपणापलीकडे त्याची बहीण कातिंका राहते. निस्तोर वारला त्या वर्षीच्या पानगळीत तुदोसिया चार लोकांसमोर नणंदेला म्हणाली, “झाड माझ्या नवऱ्याचं. तुमच्या अंगणात पडलेले अक्रोडही माझेच.” त्या दिवसापासून कातिंकाने भावजयीशी बोलणे सोडले. परंतु दर शरदात ती आपल्या अंगणातील अक्रोड वेचते आणि एकेक करून कुंपणावरून फेकते. धप्, धप्, असा तो आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. नऊ वर्षांत तिने एकही अक्रोड स्वतःसाठी ठेवला नाही.

या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ओतिलिया बाईंनी वर्गाला एक काम दिले. प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी वही बांधावी, तिला पानगळीच्या पानांनी सजवावे आणि ज्याच्याविषयी कृतज्ञता वाटते ते तिच्यात लिहावे. पहिल्या पानावर प्रथम आठवेल ते, शेवटच्या पानावर जे कधीच विसरणार नाही ते. बारा कागद मधोमध दुमडून एकात एक घालायचे आणि घडीवर मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालायचे, हे बाईंनी करून दाखवले. झाडाची पाने आठवडाभर विटांखाली दाबून ठेवायची होती. तुदोसियाला आठवडाभर धीर निघाला नाही. तिने पानांवर गरम इस्त्री फिरवली आणि निम्मी पाने करपवली. शाई मात्र तिने सर्वांत चांगली केली. अक्रोडाच्या हिरव्या साली गंजलेल्या खिळ्यांबरोबर उकळून तिने दाट तपकिरी शाई काढली. ती शाई कागदावरून खोडता येत नाही आणि बोटांवरून महिनाभर जात नाही.

पहिल्या पानावर तिने लिहिले: “कातिंका. अक्रोड. बोगदाप्रोस्ते.” शेवटच्या पानावर निस्तोरचे नाव लिहून खाली अक्रोडाचे एक करपलेले पान चिकटवले.

पुढील चुकीत माझाही वाटा आहे. सुगीच्या उत्सवात आमच्या वह्या वाचनालयातील टेबलावर मांडण्याचे काम माझ्याकडे होते. तुदोसियाचे अक्षर सर्वांहून सुबक होते, म्हणून मी तिची वही पहिल्या पानावर उघडी ठेवली. मी ते पान वाचले होते. अक्षरे सगळी बरोबर होती, म्हणून काही चुकले आहे असे मला वाटले नाही.

पोस्टात काम करणाऱ्या प्रोफिराने ते मोठ्याने वाचले. कातिंका तिथेच केकचा तुकडा खात उभी होती.

“कातिंका, तुझं वाडगं निघालं की,” प्रोफिरा म्हणाली. “अजून आठ दिवस आहेत वाडगी वाटायला, मृतांच्या शनिवारपर्यंत. मरायचं तर घाई कर.”

लोक हसले. कातिंका हसली नाही. तिने जवळ येऊन ते पान स्वतः वाचले, वही मिटली आणि म्हणाली, “नऊ वर्षं मी अक्रोड परत केले. आणि तिनं मला पुरूनच टाकलं.” ती केक अर्धा टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून कुंपणावरून अक्रोड येणे बंद झाले.

तो आठवडा तुदोसियाने कसा काढला ते मी पाहिले आहे. ती कुंपणापाशी जाऊन उभी राही. पलीकडे अक्रोड ओल्या गवतात पडून काळे पडत होते. ती घरात येई, चुलीवर काही ठेवी, पुन्हा कुंपणापाशी जाई. दिवसातून तीनदा ती माझ्या दारात येई.

“साव्हेता, आज तरी एखादा पडला का? तुझे कान चांगले आहेत.”

“नाही पडला. बस ना जरा.”

“बसते,” ती म्हणे आणि उभीच राही. “अक्रोड सडले तरी चालतील गं. पण वन्सं मला मेलेल्यांत धरून चालल्यात, आणि सुरुवात मी केली. मी मेले तर माझ्यामागं निस्तोरचं वाडगं कोण देणार? त्याचं दुसरं माणूस म्हणजे वन्संच.”

गुरुवारी ती कात्री घेऊन आली. चुकीचे पान कापून टाकावे आणि नणंदेला वही दाखवावी, असा तिचा विचार होता. मी टाके पाहिले आणि तिला थांबवले. एकात एक घातलेल्या वहीत पहिले पान आणि शेवटचे पान हा एकच कागद असतो. पहिले पान कापले तर शेवटचे सुटून पडते. कातिंकाला काढले तर निस्तोरही जाणार होता.

तुदोसिया बराच वेळ त्या घडीकडे पाहत राहिली. वर्गात तिला इतका वेळ एका जागी मी कधी पाहिले नव्हते. मग तिने कात्री ठेवली, सुईने टाके उसवले आणि तो कागद अखंड बाहेर काढला.

शनिवारी चर्चमधून आल्यावर तिने शिजवलेल्या गोड गव्हाचे वाडगे घेतले, त्यावर अक्रोडाचा चुरा पेरला आणि मेणबत्ती लावली. कागद तिने शालीखाली धरला होता.

“तू चल,” ती मला म्हणाली. “मी वाटेतून परत फिरले तर ढकल मला.”

कातिंका फाटकापाशी आली, पण तिने फाटक उघडले नाही.

“कोण मेलंय?” तिने विचारले.

“तुमचे भाऊ, वन्सं.”

“ते माहीत आहे. मला वाटलं, मी.”

“मला दुसरा शब्द येत नव्हता.”

“एकाहत्तर वर्षांत नाही आला?”

“लहानपणी कुणी काही दिलं की हेच म्हणायचे मी. तुम्ही दिलंत, म्हणून म्हटलं.”

“मी कुठं दिलं? मी फेकलं.”

“फेकलेलंही हातात येतंच की, वन्सं.”

तुदोसियाने फाटकावरून कागद पुढे केला. कातिंकाने चष्मा लावला. तिने आपली बाजू वाचली, कागद उलटला आणि भावाचे नाव वाचले. खाली चिकटवलेल्या पानावरून तिने अंगठा फिरवला.

“हे पान करपलंय.”

“इस्त्री केली मी.”

“पानाला इस्त्री?”

“मला थांबवत नव्हतं.”

“निस्तोर म्हणायचा ते खरं आहे,” कातिंका माझ्याकडे पाहून म्हणाली. “हिच्या चुलीवरून भाकरी भाजायच्या आधीच उतरते.”

वाऱ्याने मेणबत्ती विझण्याच्या बेतात आली. तुदोसियाने तिच्याभोवती तळहात धरला आणि वाडगे पुढे केले. “निस्तोरच्या नावानं. घ्या, वन्सं.” नणंदेने वाडगे नाकारले असते तर सख्ख्या भावाला त्या दिवशी ते पोहोचले नसते. ‘आभारी आहे’ म्हटले असते तरी पोहोचले नसते. कातिंकाला म्हणण्यासारखा एकच शब्द होता, आणि तो नेमका तोच होता.

तिने फाटक उघडले. वाडगे दोन्ही हातांनी घेतले.

“बोगदाप्रोस्ते,” ती म्हणाली. आणि लगेच: “त्याला. मला नाही.”

“तुम्हाला नाही,” तुदोसिया म्हणाली. मग जशी ती फळ्यावरील नवे अक्षर लावते, तशी एकेक भाग वेगळा करत म्हणाली, “तुमचे, आ, भार.”

“बरं बरं. शाळा इथं भरवू नकोस,” कातिंका म्हणाली. “कागद राहू दे माझ्याकडे. एका बाजूला मी, एका बाजूला भाऊ. तू दुसरा घाल.”

“मग सगळी वही पुन्हा शिवावी लागेल.”

“शीव. नाही तरी तुला बसवत कुठं, वहिनी.”

ती ‘वहिनी’ म्हणाली, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. तुदोसियाने ऐकले की नाही, हे मला सांगता येत नाही, कारण ती तोवर रस्त्याच्या मध्यावर पोहोचली होती.

रविवारी चर्चमध्ये कातिंका आमच्या पुढे उभी होती. क्रूसाची खूण करण्यासाठी तिने हात उचलला तेव्हा तिची बोटे दुसऱ्या पेरापर्यंत काळी दिसली. सडक्या सालींतून अक्रोड सोलताना होतात तशी. तुदोसियाने ती पाहिली. तिने मला कोपराने ढोसले, मग एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला, मग पुन्हा पहिल्यावर. प्रार्थना संपायला अद्याप बराच अवकाश होता. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “मी जाते. कुंपणावरून अक्रोड आले असतील, पावसात राहायला नकोत.” आणि रुमाल नीट करत ती दाराकडे निघाली.