थांबल्यावरही चालणारं पेन

वसतिगृहात तिला सगळ्या फौजदारबाई म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. खोलीत कुणी पाय टाकला रे टाकला की ‘कोण?’ हा प्रश्न यायचा. कोण, कशाला, कुणी पाठवलं, येताना दार लोटलं का. उलटतपासणी पुरी झाल्याशिवाय पाहुणीला टेकायला जागा मिळत नसे. जन्मापासून डोळ्यांना दिसत नव्हतं. जग कानाने तपासून घ्यावं लागे, आणि तपासताना सभ्यपणा करत बसलं की लोक गंडवतात, हे तिला लहानपणीच कळलं होतं. शिकवणारे घरचेच होते.

बाप शिंपी. एका खोलीचं घर. पुढच्या अर्ध्यात मशीन, मागच्या अर्ध्यात संसार. मशीनच्या पायाशी बसूनच ती वाढली. कापड जाड की पातळ, दोरा तुटून सुई रिकामीच नाचतेय का, हे ती आवाजावरून सांगायची. बाप गिऱ्हाइकांपुढे म्हणायचा, माझी पोरगी कानाने बघते. कौतुक खोटं नव्हतं, पण त्यानेच एक खोड लागली. कानाला कळलं ते खरंच असणार, असं ती धरून चालायला लागली.

बारावीला तिचा पेपर लिहायला मामेबहीण बसली होती. न दिसणाऱ्याने तोंडाने उत्तर सांगायचं आणि शेजारी बसलेल्याने ते उतरवायचं. त्या उतरवणाऱ्याला लेखनिक म्हणतात. निकाल झकास लागला. पुढे एका लग्नघरात मामेबहीण चारचौघींत हसत बोलून गेली, “ही सांगत होती तेच लिहिलं असतं ना, तर काठावर सुटली असती. निम्मी बारावी माझीच आहे.” बायका खदखदल्या. मामी वर म्हणाली, उपकार विसरू नकोस हो. फौजदारबाईच्या हातात जेवणाचं ताट होतं, ते तिने तसंच खाली ठेवलं आणि भिंतीला हात लावत बाहेर आली.

पदवी तरी माझी असेल, एवढं एकच ठरवून ती विद्यापीठात आली. मार्क कमी पडले तर पडोत, पण माझ्या तोंडचे असोत.

विद्यापीठात अशा मुलांसाठी साहाय्य केंद्र होतं. तळमजल्यावर, झेरॉक्सच्या टपरीला लागून. चाकाच्या खुर्चीसाठी दारात उतार बांधलेला, आणि त्या उतारावर कायम कुणाची तरी मोटारसायकल उभी. आत समन्वयक मॅडम बसायच्या. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. मोठ्या मोठ्या मुलींना त्या ‘बाळा’ म्हणत. फौजदारबाईने अर्ज दिला होता, की बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर मी माझा पेपर स्वतः लिहिते, मला लेखनिक नको. मॅडम म्हणाल्या, अर्ज वर पाठवलाय. वर म्हणजे कुठे ते देवाला ठाऊक. तोही वरच असतो. केंद्राच्या माहितीपत्रकावर छापायला तिचा हसरा फोटो हवा होता, तो मात्र त्याच दिवशी काढून झाला. त्याला वर जावं लागलं नाही.

पहिली दोन वर्षं लेखनिक येत-जात राहिले. भराभर खरडायचे आणि पळायचे. तिसऱ्या वर्षी केंद्राने पहिल्या वर्षाची एक मुलगी दिली. नियमच तसा होता, लेखनिक खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्याला उत्तरं येत नाहीत. या मुलीचा आवाज म्हणजे मुंगीने जांभई द्यावी तसा. फौजदारबाईने तिचं नाव मुंगी ठेवून टाकलं आणि पहिल्याच भेटीत बजावलं, मी बोलेन तेच लिहायचं, शहाणपणा घरी ठेवून यायचा. मुंगी “हो ताई” म्हणाली. इतक्या पटकन हो म्हणणाऱ्या माणसावर फौजदारबाईचा आजवर कधी विश्वास बसला नव्हता.

अंतर्गत परीक्षेचा समाजशास्त्राचा पेपर केंद्राच्या मागच्या खोलीत झाला. फौजदारबाईने एक वाक्य सांगितलं, पेन कागदावर कुरकुरत धावलं, शेवटाला आलं आणि टिंब देऊन थांबलं. तिने पुढचं वाक्य जुळवायला श्वास घेतला, तेवढ्यात पेन पुन्हा हललं. सर्रकन एक ओढ. मग आणखी एक, जरा लांब.

“काय लिहितेस गं?”

“काही नाही ताई. तुम्ही सांगितलं तेच.”

‘काही नाही’ म्हणणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच. ती मुद्दाम आखूड वाक्यं सांगू लागली, मध्येच थांबू लागली. दर दोन-चार वाक्यांमागे ती ओढ यायचीच. मामेबहिणीचं हसू तिच्या कानात वाजायला लागलं. तेव्हा तिने सापळा लावला. नात्यांवरचा प्रश्न होता. रक्ताची नाती कोणती, लग्नाने जुळलेली कोणती. तिने ठणठणीत आवाजात सांगितलं, की आत्या हे लग्नाने जुळलेलं नातं आहे. बापाची सख्खी बहीण सासरच्या खात्यात टाकली. शेंबड्या पोरालाही चूक कळावी. मुंगीचं पेन अडखळलं, तिच्या नाकातून एक बारीक सुस्कारा निघाला, आणि मग पेन धावलं. फौजदारबाईने ओठ आवळले. सुधारलंस ना? सुधार. कळेलच.

निकाल लागला तेव्हा प्राध्यापकांनी वर्गात तिचं नाव घेतलं. इतर मुलांना म्हणाले, बघा, पेपर असा हवा, मुद्दे कसे उठून दिसतात. बाकी कुणी असती तर हरखली असती. हिने मनातल्या मनात उलटतपासणी सुरू केली. दोन वर्षं हेच डोकं आणि हीच जीभ, तेव्हा मुद्दे झोपले होते का? आत्ताच उठून बसायला त्यांना कुणी हलवलं?

तिने स्वतः कॉम्प्युटरवर तक्रार टाइप केली आणि केंद्रात नेऊन दिली. लेखनिक स्वतःचं लिहिते, माझा पेपर मला वाचून दाखवा. मॅडमनी कागद वाचून त्याची घडी घातली. मग गोडव्यातच सांगू लागल्या, की बाळा, तुझ्या भल्याचं बोलते. हे खरं निघालं तर तो गैरप्रकार ठरेल, तुझाच पेपर रद्द होईल, त्या मुलीचं नाव केंद्रातून कायमचं जाईल. तुला चांगले मार्क पडलेत, कशाला उकरतेस? फौजदारबाई म्हणाली, पडलेत की पाडलेत तेच बघायचंय. कागद परत घेणार नाही. आणि वाचायला तुमचं माणूस चालणार नाही, माझं मी आणते.

तिचं माणूस म्हणजे खोलीत राहणारी मैत्रीण. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून वसतिगृहात तिला रेडिओ म्हणत. ठरलेल्या दिवशी मॅडमच्या टेबलावर उत्तरपत्रिका आली. रेडिओला ताकीद होती: मध्ये टिप्पणी नको, एकही शब्द गाळायचा नाही, चुकलेला शब्दही चुकलेलाच वाचायचा. मुंगीला बोलावलं नव्हतं. चौकशी पुरी होईपर्यंत तिला केंद्रात यायची बंदी होती, आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती.

रेडिओ वाचत गेली आणि फौजदारबाई मान तिरकी करून ऐकत गेली. पहिलं उत्तर तिचंच होतं. शब्द तिचे, अडखळणं तिचं, एकच गोष्ट दोनदा सांगायची सवयसुद्धा तिचीच. दुसरंही तसंच. नात्यांचा प्रश्न आला तशी तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. रेडिओने वाचलं आणि ताकीद विसरून हसत सुटली. “अगं, आत्या सासरची कधीपासून झाली? सरांनी केवढी लाल फुली मारलीय!”

सापळा रिकामा निघाला होता. मॅडम सुटल्यासारख्या म्हणाल्या, झालं ना समाधान बाळा, आता दे सोडून. फौजदारबाईला सोडता येईना. कान खोटं बोलला नव्हता, एवढी तिची खात्री होती.

“मग वाक्य संपल्यावर पेन का चालत होतं?”

“रेघा असतील,” रेडिओ म्हणाली.

“कसल्या रेघा?”

“या काय, शब्दांखाली मारल्यात त्या. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारतात ना. सगळेच मारतात.”

बारावी झाली, दोन वर्षं विद्यापीठात गेली, आणि ‘सगळेच’ या शब्दात आपण नव्हतो हे तिला आत्ता, या टेबलाशी, कळत होतं. एका शिक्षकाने सांगितलं नव्हतं. केंद्राची गुळगुळीत माहितीपत्रकं निघाली, भाषणं झाली, उतार बांधला, आणि पोरीला एवढं सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, की डोळस माणूस कागद वाचत नाही, चाळतो. आणि चाळणाऱ्याला रेघ लागते.

तिने पान उलटं करून मागितलं. मुंगी पेन दाबून चालवायची. पाठीमागून बोट फिरवलं तर जिथे जिथे रेघ होती तिथे कागदाला बारीक वळ उठला होता. एकेका वळावर बोट ठेवून ती विचारत गेली, हा कुठला शब्द? रेडिओ सांगत गेली. बरेचसे बरोबर होते. एका उत्तरात मात्र रेघ भलतीकडेच. बायका नोकरीला लागल्या, असं ती बोलता बोलता म्हणून गेली होती, त्याखाली ठसठशीत रेघ. आणि घरचं काम तरीही त्यांच्याच गळ्यात राहिलं, हे जे तिला सांगायचं होतं, ते कोरडंच.

“म्हणजे हात होताच तिचा,” ती मॅडमना म्हणाली. “शब्द माझे, पण त्यातला मोठा कोण आणि धाकटा कोण ते तिने ठरवलं.”

मॅडम म्हणाल्या, मग तक्रार पुढे पाठवू का? पहिल्यांदाच त्यांनी ‘बाळा’ जोडलं नाही. फौजदारबाईने उद्या सांगते म्हटलं.

मुंगी वाचनालयाच्या पायरीवर भेटली. भेटली म्हणजे रेडिओने शोधून आणून बसवली. फौजदारबाईने सवयीप्रमाणे पहिलाच सवाल टाकला, रेघा मारायला तुला कुणी सांगितलं? मॅडमनी? तर त्या मुंगीचा आवाज चांगलाच चढला.

“कुणी नाही सांगितलं. शाळेत रेघ विसरली की बाई हातावर पट्टी मारायच्या. हात आपोआप जातो माझा. मी चोर नाही ताई. तुम्ही आत्या चुकलात तेव्हा जीव कासावीस झाला, तरी तसंच लिहिलं. आणि तुम्ही माझी तक्रार केलीत.”

“चुकले नव्हते. मुद्दाम सांगितलं होतं. तुला पकडायला.”

हे बोलून झाल्यावर कसं ऐकू गेलं असेल ते तिच्या लक्षात आलं. मुंगी पायरीवर चप्पल घासत राहिली. माफी मागणं हा प्रकार फौजदारबाईच्या घराण्यात कुणी केला नव्हता. बाप तर शर्टाची बाही आखूड झाली तरी गिऱ्हाइकाचा हात लांब आहे म्हणायचा. ती एवढंच म्हणाली, की उद्या केंद्रात चल, मी सांगते काय ते. मुंगी म्हणाली, तुम्हीच जा, मला बंदी आहे.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. मॅडमना सांगितलं, शब्द सगळे माझेच आहेत, तसं लिहून देते. मुलीला परत घ्या. आणि एक नियम तुमच्या पत्रकात घाला, पहिल्याच दिवशी प्रत्येक न दिसणाऱ्या मुलाला रेघेबद्दल सांगायचं. मॅडम म्हणाल्या, सूचना चांगली आहे, वर पाठवते. फौजदारबाई म्हणाली, वर नको, इथेच ठेवा, टेबलावर. मी येऊन विचारत जाईन.

वार्षिक परीक्षेला पुन्हा मागची खोली, पुन्हा मुंगी. आता नवी पद्धत. उत्तर सांगून झालं की फौजदारबाई म्हणणार, अमुक शब्दाखाली रेघ, आणि मगच पेन ओढायचं. वाटलं होतं सोपं जाईल, पण आपल्याच वाक्यातला कुठला शब्द मोठा ते तिला भराभर ठरवता येईना. दर पानानंतर ते उलटं करून बोट फिरवायचं, मुंगीकडून वाचून घ्यायचं, पुन्हा बोट फिरवायचं. पर्यवेक्षक जांभया देऊ लागले. व्हायचं तेच झालं, शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. घंटा झाली.

“ताई, तपासण्यात वेळ गेला,” मुंगी हळूच म्हणाली.

“माझा गेला ना? जाऊ दे.”

पुढच्या पेपरला तिने पानं उलटी केली नाहीत. रेघा सांगत गेली, पेन ओढत गेलं, आणि सगळे प्रश्न हातावेगळे होऊन थोडा वेळ उरला. तेव्हा तिने उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि पाठीमागून बोट फिरवलं. सांगितलेल्या रेघा जागच्या जागी होत्या. तिसऱ्या उत्तरात मात्र बोट अडलं. इथे तिने रेघ सांगितली नव्हती. मुंगीचा श्वास थांबलेला तिला ऐकू आला.

“हा कुठला शब्द?”

“‘परवानगीशिवाय’,” मुंगी म्हणाली. “हात गेला ताई. खोडू?”

फौजदारबाईने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. मोठा शब्द तोच होता, आणि तिलाच दिसला नव्हता. पर्यवेक्षक कागद गोळा करायला खुर्चीवरून उठले.

“राहू दे,” ती म्हणाली. “पण पुढच्या वेळी विचारायचं.”