तुमचं ते स्वस्त पेट्रोल

मॉलशेजारच्या पंपावर पेट्रोल थोडं स्वस्त मिळतं, म्हणून तिथे नेहमी रांग असते. काल रांगेत पुढच्या गाडीतला तरुण उतरून माझ्या खिडकीशी आला. "काका, इथल्या पेट्रोलने ॲव्हरेज कमी होतं का हो? इंजिनही खराब होतं म्हणतात."

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, सुमनच्या, छातीत कळ आली. मी तिला दवाखान्यात नेत होतो. पुलाच्या चढावर गाडी दोन गचके देऊन बंद पडली. मी नुसती किल्ली फिरवत राहिलो. घामाने भिजलेली सुमन किंचित हसून म्हणाली, "तुमचं ते स्वस्त पेट्रोल!" रिक्षा मिळेपर्यंत वेळ गेला. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती, आणि नंतर बोललीच नाही.

पुढे मेकॅनिकने गाडी खोलून दाखवली. "काका, पेट्रोलचा काही दोष नाही. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारी मोटर जुनी झाली होती. महागातलं भरलं असतं तरी गाडी तिथेच थांबली असती."

मला ते पटलं. तरी सुमनचं ते वाक्य कानातून जात नाही. ती थट्टा करत होती की खरंच तसं समजून गेली, हे आता कोणाला विचारू? पंप मात्र मी बदलला नाही. बदलला तर दोष कबूल केल्यासारखं होईल.

"काही फरक पडत नाही," मी त्या तरुणाला म्हणालो. त्याने निश्चिंत होऊन टाकी भरून घेतली. शेजारच्या सीटवर त्याची बायको बसली होती. त्यांची गाडी सुरू होऊन रस्त्याला लागेपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो.