ढोलकीवाला कुठंय?

प्लाझ्मा टीव्ही घ्यायचा हट्ट माझा होता. सासूबाईंना एकाच, डाव्या डोळ्यानं दिसायचं. दुसरा लहानपणी भात झोडताना लोंबीचं टोकदार कूस आत जाऊन गेला होता. आम्ही भोरजवळ उत्रोलीला राहायचो. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. तमाशाचं त्यांना भारी वेड. गुडघ्यांमुळं जत्रेत बसून बघणं बंद झालं, तेव्हापासून त्या जुन्या टीव्हीला नाक लावून सीड्या बघायच्या. मोठा पडदा आला तर लांब बसून आरामात बघतील, असं माझ्या मनात होतं.

नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी नव्हती. मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी होती. "तुमी दोघीच जावा, पसंत करून या. मग म्या टेम्पो घेऊन जाईन," तो म्हणाला. आम्ही सकाळच्या एसटीनं पुण्याला निघालो.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर समुद्रातले तेच रंगीत मासे. विक्रेता उत्साहानं सांगत होता, हा प्लाझ्मा, हा डिस्क प्लेअर, यावर ओरखडे पडलेली सीडीसुद्धा चालते. आत्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. गावच्या जत्रेतल्या तमाशाची होती.

"ही लावा. मासं बगून मला काय कळनार?"

तो हसला, त्यानं लावली. ढोलकी अशी घुमली की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. आत्या खुशीत मान हलवत होत्या. मग थांबल्या.

"ढोलकी वाजतीया, पन ढोलकीवाला कुठंय?"

"हा काय डावीकडं. लाल फेटा."

"न्हाई. तितं काळं हाय. ह्या टीव्हीचा कोपरा गेलाय."

विक्रेत्यानं सीडी दुसऱ्या टीव्हीला लावली. आत्या म्हणाल्या, ह्याचाबी त्योच कोपरा गेलाय. तिसरा त्याहून मोठा होता, त्यालाही त्यांनी नावं ठेवली. "आजी, सगळे कोरे आहेत हो," म्हणत तो हसायला लागला. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःची चीड येते.

हसता हसताच मी त्यांच्या डाव्या अंगाला गेले आणि हात पुढं केला. "आत्या, किती बोटं?"

"कुठं दावतीस बोटं?"

माझा हात त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर होता.

मग मला एकेक आठवायला लागलं. चार दिवसांपूर्वी चुलीपुढं त्या म्हणाल्या होत्या, काजवं चमकल्यागत होतंय. मी म्हटलं, धूर गेला असेल. त्याच सकाळी कात्रजच्या घाटात म्हणाल्या, डोळ्याम्होरं माश्या फिरत्यात, आणि मी एसटीतल्या माश्या हाकलायला रुमाल झाडला होता.

विक्रेत्यानं आवाज बंद केला, आत्यांना बसायला खुर्ची दिली. मी त्याच्या फोनवरून नवऱ्याच्या कारखान्यात लावत राहिले. घंटी वाजत होती, उचलत कुणी नव्हतं. शेवटी विक्रेत्यानंच रिक्षा आणली आणि रिक्षावाल्याला डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. सीडी प्लेअरमध्येच राहिली, माझ्या लक्षातही आलं नाही.

रिक्षात मी सारखी विचारत होते, ती पाटी दिसतेय का, तो सिग्नल दिसतोय का. दिसतोय, दिसतोय, म्हणत होत्या. मग त्यांनी एकदम माझं मनगट घट्ट धरलं. "रिक्षावाल्याचा खांदा मगाशी दिसत व्हता," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून डोळा तपासला. "डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय. मधला भाग अजून चिकटलेला आहे. तो सुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, आजच. डोळ्यापुढं चमकायला कधीपासून लागलं?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत होत्या. आत्याच म्हणाल्या, "झालं असतील चार दिस. पन म्या हिला काय सांगितलंच न्हाई."

धडधडीत खोटं बोलल्या, माझ्यासाठी.

नर्सनं कागद पुढं केला. दृष्टी परत येईलच याची खात्री देता येत नाही, असं त्यावर लिहिलेलं. दवाखान्यातून फोन लागून कारखान्यात निरोप पोचला होता, पण नवरा यायला संध्याकाळ होणार होती. पेन मी उघडून धरलं होतं, कागदाला टेकवत नव्हते. उद्या त्या कायमच्या आंधळ्या झाल्या, तर खाली सही माझी असणार.

"कर सही," आत्या म्हणाल्या. "आन हिकडं म्होरं ये. दिसतंय तवर तुजं तोंड नीट बगू दे."

मी समोर उभी राहिले. त्यांनी मान तिरकी करून मला निरखलं. मग मी सही केली.

ऑपरेशन झालं. डोळ्यात भरलेली हवा पडद्याला टेकून राहावी म्हणून दहा दिवस पालथं झोपायचं होतं. त्या उशीत तोंड खुपसून बोलायच्या, जेवायच्याही मान खाली घालूनच. दिसेल की नाही, कुणीच सांगत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी नवऱ्याला खरं सांगून टाकलं. "त्यांनी मला आधी सांगितलं होतं. मीच लक्ष दिलं नाही."

तो कठड्याला टेकला. "मलाबी सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "म्या म्हनलं, चष्मा बदलू."

महिन्याभरानं हळूहळू दिसायला लागलं. सुईत दोरा जात नाही, पण माणूस ओळखू येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब, वेळेत आलात. दिवाळीत नवऱ्यानं त्याच दुकानातून प्लाझ्मा आणला. आडवा ठेवायचा नाही म्हणून टेम्पोत मागं बसून, भोरपर्यंतचे सगळे खड्डे सोसत, दोन्ही हातांनी उभा धरून आणला. मी काही त्या दुकानात पुन्हा गेले नाही.

आत्या पलंगावर बसून तासन्‌तास बघतात. मला ते जमत नाही. सीडी बदलताना पडदा क्षणभर काळा झाला की त्यांच्यासमोर जाऊन मी विचारते, "आत्या, दिसतंय ना?"

"दिसतंय गं बाई. सरक बाजूला."

मी सरकते. पण खोलीतून बाहेर जात नाही.