हनुवटीवरचे तीन ठिपके

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. आमच्या वळ गावात कुणाच्या अंगात आलं की हसणारी पहिली मी. तरी हे लिहितेय... कारण मनातून जातच नाही.

मी दोन वर्षांची असताना आई गेली. तिचा एकच फोटो — काकाच्या लग्नातला, कोपऱ्यात उभी. तोही पुराच्या पाण्यात भिजलेला, ओठांखालचं सगळं पुसलेलं. पितृपक्षात आजोबांच्या फोटोला हार आणि आईच्या जागी नुसता नारळ! त्या नारळाचा मला लहानपणापासून राग. मला आईचा पूर्ण चेहरा बघायचा होता, बस्स.

म्हणून तर धामणकर नाक्यावरच्या एका स्टुडिओत रविवारी फोटो एडिटिंग शिकायला लागले. नाहीतर गोडाऊनच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर काय कमी बघते? शिकवणारे भाई वैतागायचे, "इतना मत घिसो, चेहरा है, बर्तन नहीं!"

डाग काढले, रंग सुधारले. पण हनुवटी कुठून आणायची? भाई म्हणाले, "बेटी माँ पे जाती है. अपनी ही लगा दो."

सेल्फी काढला, माझी हनुवटी कापून आईला बसवली, जोड मिटवला. स्क्रीनवर आई पूर्ण दिसली आणि मला रडूच फुटलं.

प्रिंट काढली, तर हनुवटीवर तीन हिरवट ठिपके. मेला प्रिंटर! भाईंनी प्रिंटरचं शाईचं हेड साफ केलं. मध्ये एका गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो काढले, ते स्वच्छ. आईची प्रिंट पुन्हा काढली... तेच ठिपके, त्याच जागी. फाइल झूम करून पाहिली. काही नाही.

तशीच घरी आणली. बाबा आईचं नावसुद्धा काढत नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"बाय, ह्या तुला कोनी सांगला?"

"काय?"

"गोंदन. तुझ्या आयशीचा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जत्रेन गोंदनारीन बसायची. ती बोलायची, पोरीला पन माझ्यासारखा गोंदून घेवया. मीच नाय बोल्लो. रडंल बोल्लो." आणि माझे बाबा स्वतःच रडले.

तुम्ही म्हणाल, लहानपणी पाहिलं असेल, मनात राहिलं असेल. असेल हो! पण प्रिंटरला कुठे मन असतं?

नंतर त्याच फाइलच्या कितीतरी प्रिंट काढल्या. हनुवटी कोरी. भाई नुसते कानाला हात लावतात, आणि मलाही अजून काही कळलेलं नाही.

यंदा नारळाच्या जागी ती ठिपक्यांची प्रिंट ठेवली. सगळे म्हणाले, हुबेहूब आई. पण ती हनुवटी तर माझी आहे ना... तिला माझ्या हनुवटीवर गोंदायचं होतं, आणि तिने गोंदलं. कधीकधी आरशासमोर उभी राहून मी तिथे बोट फिरवते. हाताला काहीच लागत नाही.