मागच्या दाराची बोली

पुरवणीत चौकोनी फोटो आणि शेजारी लेख म्हटल्यावर तुमी ओळखलंच असणार पुढं काय येणार ते. माणूस शांत होता, मनमिळाऊ होता, कुणाचं मन दुखवलं नाय, आणि शेवटाला एक पोकळी. मी पण तसंच लिहायला बसलो होतो, आईशप्पत. पण माझा दोस्त जना मनमिळाऊ बिलकूल नव्हता. नव्या माणसाशी पयला शब्द बोलायला तो महिना लावायचा. आणि दुसरं म्हणजे या लेखात निम्मा कॉम्प्युटर आहे. पुढचा वेब सर्व्हर आणि मागचा जावाचा सर्व्हर एकमेकांना कसे जोडतात, ते. ज्यांना पान उलटायचंय त्यांनी आत्ताच उलटा, नंतर मला बोल लावू नका.

बातमी आली तेव्हा मी हेडमास्तर होतो. म्हणजे आमच्या मुरबाडच्या शाळेतल्या हेडमास्तरांचा आवाज काढत होतो. एसटी स्टँडच्या मागं खताच्या दुकानावर जनाचा आणि माझा कॉम्प्युटर क्लास. खालून युरियाचा वास, वर पोरं टायपिंग करतात. जना भाताच्या लावणीसाठी घरी गेला होता, डोळखांबच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. दुपारी मोबाइल वाजला, त्याचा चुलतभाऊ होता. म्हणाला, "जना गेला." आणि माझ्या तोंडून हेडमास्तरांच्याच आवाजात निघालं, "कोणाला विचारून?" पोरं हसली.  तिकडं चुलतभाऊ सांगत राहिला, ताप होता, लावणी संपेस्तोवर कुणाला बोलला नाय, शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला नेताना... पोरं अजून हसतच होती. मी वळून त्यांना गप्प करायला गेलो, तर कुठल्या आवाजात ओरडायचं तेच सुचेना.

जना मला शहापूरच्या कॉलेजात भेटला. तो हॉस्टेलवर राहायचा, मी मुरबाडहून एसटीनं यायचो. मी तेव्हापण हेच धंदे करायचो, कंडक्टर, प्राचार्य, बाजारात मासळी विकणारी बाई, सगळ्यांचे आवाज. सगळं कॉलेज हसायचं, जना नाय हसायचा. तोंडाकडं बघत बसायचा, जसा काय मी गणित सोडवतोय. आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी उभा असताना एकटाच फिसकन हसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "काल तू कंडक्टर केलास ना, त्याचं आत्ता आलं." उशिरा हसणारा माणूस मी पयल्यांदाच बघितला. नंतर नंतर मला त्याचीच सवय लागली. बाकीच्यांचं हसू लगेच मिळायचं, त्याच्या हसण्याची रात्रभर वाट बघायला लागायची.

कल्याणला जाऊन तो जावा नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकला. शेअर जीपमध्ये मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन कागद वाचत जायचा आणि वाचत यायचा. मग आमी क्लास काढला. मी शिकवायचो, तो मागच्या खोलीत बाहेरची कामं करायचा. एकदा कसला तरी पार्ट मागवायला त्यानं कल्याणच्या दुकानात फोन लावला. "तो आमच्याकडं नाय, तुमी पाठवाल का" एवढंच बोलला असेल. तिकडच्या मुलीनं दोनदा विचारलं, काय, काय म्हणालात, आणि मग हसली. वाईट मनानं नसेल हसली. पण जनानं फोन असा ठेवला, जसं काय तो काचेचा आहे, आणि माझ्याकडं सरकवला. म्हणाला, "यापुढं तू बोल. नाव माझं सांग."

मग मी फोनपुरता एक जनार्दन बनवला, जनाचं कागदावरचं नाव ते. थोडा रेडिओवरचा बातम्यावाला, थोडा शहापूरच्या बँकेतला मॅनेजर, आवाज जाड, बोलणं सावकाश, आणि वाक्याच्या शेवटी "नो प्रॉब्लेम". जना ऐकत बसला. दुसऱ्या दिवशी हसला आणि म्हणाला, "हा जनार्दन लय हुशार वाटतो रे. त्याला आपल्याकडं कामाला ठेवू."

त्या हुशार जनार्दनला कल्याणच्या एका शिक्षणसंस्थेचं काम मिळालं. तिथले देवधर सर. संस्थेची वेबसाईट होती, इमारतीचे फोटो, झेंडावंदनाचे फोटो. ती पुढचा सर्व्हर दाखवायचा. प्रवेशाचा फॉर्म मात्र जावात बनवलेला, बनवणारा पोरगा नोकरी लागून निघून गेलेला, आणि तो फॉर्म त्याच मशीनवर दुसऱ्या सर्व्हरवर चालायचा. त्याच्यासाठी पत्त्याच्या शेवटी दोन टिंबं देऊन ८०८० लिहायला लागायचं. आता मुरबाडच्या, किन्हवलीच्या सायबर कॅफेत बसलेला बाप ते कुठं लिहिणार? फोटो दिसायचे, फॉर्म नाय. दोघांना जोडायचं होतं, म्हणजे लोकांनी पुढच्याकडंच यायचं आणि मागचं काम मागच्यानं गुपचूप करून द्यायचं.

मला यातलं काय कळेना, तेव्हा जनानं लग्न सांगितलं. कुठल्या पण लग्नात हा मंडपात बसायचाच नाय, मागं चुलाणापाशी आचाऱ्याजवळ जाऊन बसायचा, त्यामुळं त्याला तेच सुचणार. म्हणाला, पुढचा सर्व्हर म्हणजे वाढपी. पाणी, मीठ, लोणचं त्याच्या हातात असतं, ते तो स्वतःच वाढतो, ते फोटो. पण कुणी भात मागितला तर त्याला मागं जायला लागतं. भात आचाऱ्याकडं. पंगतीतला माणूस आचाऱ्याला कधी बघत पण नाय. आणि दोघांच्या मधी एक मागचं दार असतं, ते दार बरोबर पायजे.

त्या दारातच तो अडकला. जोडणीच्या फायलीत मागच्या सर्व्हरला एक नाव द्यायचं असतं, यानं इंग्रजी अक्षरांत 'आचारी' दिलं आणि खाली नंबर टाकला ८०८०, म्हणजे तोच जो लोक लिहायचे. कितीतरी दिवस नुसतं पांढरं पान, सेवा सध्या बंद आहे. देवधर सरांचे फोन, माझं नो प्रॉब्लेम, आणि जना मागच्या खोलीत भिंतीला डोकं लावून. मग एका लग्नावरून आला तो सरळ बूट न काढता मशीनवर बसला. म्हणाला, "मी येडा. वाढप्याला पाव्हण्यांच्या दारानं पाठवत होतो." मागचं दार वेगळं असतं, त्याचा नंबर ८००९, आणि तिथली बोली पण वेगळी. मंडपात वाढपी म्हणतो, घ्या हो, थोडा भात घ्या, संकोच करू नका. मागच्या दारात तोच म्हणतो, दोन भात, एक वरण, चल. तिथं शुद्ध बोलत बसलं तर आचाऱ्याला कळतच नाय. नंबर बदलला आणि फॉर्म उघडला. मी नाचलो. जना खुर्चीत मागं टेकून म्हणाला, "म्हणजे मागं आपल्यासारखंच बोलतात."

नंतर देवधर सर स्वतःच मुरबाडला आले, जनार्दनला भेटायला. आता काय करता... मी खुर्चीत बसलो, जना खालून चहा घेऊन आला. सर माझी पाठ थोपटत म्हणाले, जरा दाखव बघू कसं जोडलंस. मी माऊस असा धरला जसा काय विंचू. जनानं कप ठेवता ठेवता डोळ्यानं स्क्रीनवरची खिडकी दाखवली, मी ती उघडली, मग त्यानं सरांना विचारलं, साखर चालंल ना, आणि तेवढ्यात बोटानं खालची ओळ दाखवली. सर खूश होऊन गेले. जिन्याखाली त्यांची गाडी सुरू झाली आणि आमी दोघं हसलो. त्या दिवशी जना लगेच हसला.

पुढचं काम म्हणजे लाईट. कल्याणची लाईट जायची, बॅटरी संपायची, मशीन बंद पडायची. लाईट आली की वाढपी आपोआप उभा राहायचा, आचारी झोपलेलाच. फॉर्म बंद. मग सरांचा फोन. आमच्याकडं मोबाइलला रेंज फक्त गॅलरीच्या कठड्यापाशी, आणि जना आत. सर मला सांगणार, मी आत जाऊन जनाला सांगणार, जना इथूनच नेटवरून कल्याणच्या मशीनमध्ये शिरून दोन शब्द पुटपुटणार, मी बाहेर येऊन त्याची चार वाक्यं करणार. त्याचा नियम ठरलेला, दोघांना बंद कर, आधी आचारी पेटव, मग पंगत बसव. उलटं केलं की उपाशी माणसं ओरडतात.

जना गेल्यावर थोड्याच दिवसांत सरांचा फोन आला. जनार्दन, फॉर्म उघडत नाही. मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. पण सवयीनं जाड आवाज निघाला, बघतो सर, नो प्रॉब्लेम, आणि मी सवयीनंच आत गेलो. मागच्या खोलीत. खुर्ची रिकामी, तिच्या पाठीवर त्याचा शर्ट... दारात उभा राहून मी निरोप सांगितला पण. मग स्वतःच बसलो, त्याला हजारदा बघितलेलं, तसंच केलं. आधी आचारी, मग पंगत. फॉर्म उघडला. गॅलरीत येऊन सांगितलं तर सर म्हणाले, "तुझा आवाज का असा येतोय? भिजलास काय?" मी म्हटलं, हो सर, थोडा.

त्यानंतर मीच फोन करायला लागलो. सर, साईट बरोबर आहे ना, असंच काहीतरी. सगळ्या जगात ती एकच जागा उरली होती जिथं जना अजून कामाला होता, आणि तिथं जायचा रस्ता माझ्या गळ्यातून होता. दिवसभर पोरांना टायपिंग शिकवायचं, एकही आवाज काढायचा नाय, आणि संध्याकाळी क्लास रिकामा झाला की कठड्यापाशी उभं राहून पाच मिनिटं जनार्दन व्हायचं. फोन ठेवला की परत मी एकटाच.

शेवटी सरांनीच विचारलं, दिवाळीला घरी ये, मिसेसला तुला भेटायचंय. मग मी कल्याणला जाऊन सगळं सांगितलं.  सर म्हणाले, "म्हणजे मी जनार्दनशी कधी बोललोच नाही?" मी म्हटलं, बोललात सर. त्यानं तुम्हाला साखर विचारली होती. तुम्ही अर्धा चमचा म्हणालात.

येताना जीपमध्ये सरांचं ते वाक्य डोक्यात फिरत होतं. जना माझ्या डोळ्यासमोर होता, पण त्याचं बोलणं आठवायला गेलो की जाड आवाजच यायचा. त्याचा खरा आवाज मनात काढून बघितला, ओठ हलवून बघितला. म्हटलं, इंजिनाच्या आवाजानं होत असेल. त्याची पिशवी आणि तो शर्ट द्यायला दोन दिवसांनी डोळखांबला गेलो. शहापूरला उतरून दुसरी जीप, पुढं चढण. जनाची आय ओटीवर सुपात नाचणी पाखडत बसली होती. मला बघून म्हणाली, "तूच ना रे त्यो आवाज काढनारा? जना सांगायचा." तिला बरं वाटावं म्हणून मी कंडक्टर केला, मासळीवाली केली. पदर तोंडाला लावून हसली. मग सूप खाली ठेवलं.

"आता माझ्या जनाचा काढ. एकदाच. मी तिकडं तोंड करून बसते." आणि खरंच भिंतीकडं वळून बसली, मी दिसू नये म्हणून.

मी काय काय केलं असेल आयुष्यात, पण एवढा घाम कधी फुटला नव्हता. तोंड उघडलं आणि म्हटलं, आये, मी आलो. जाड आवाज. बँकेतला मॅनेजर. परत म्हटलं, तर रेडिओवाला. तिसऱ्यांदा नुसताच घसा खाकरला. ती हलली नाय. मग पाठमोरीच म्हणाली, "ह्यो कोन सायब आनलास माझ्या घरात?"

मी म्हटलं, मावशी, नाय येत. सगळ्यांचा येतो, त्याचा नाय येत.

ती वळली.  म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यो घरी आल्यावर बोलायचाच कुटं. तितं बसायचा खांबाला टेकून. बस तितं."

बसलो. खांबाला पाठ टेकवली आणि गप्प झालो. तिनं सूप परत हातात घेतलं. पाखडल्याचा आवाज, खाली भाताच्या शेतावर उतरलेलं ऊन, कोंबडी माझ्या पायावरून गेली. मला गप्प बसता येत नाय हे अख्ख्या मुरबाडला माहीत आहे. त्या दिवशी आलं. खालच्या रस्त्यावर शेवटच्या जीपनं हॉर्न दिला, एकदा, परत एकदा. मला ऐकू आला. मी उठलो नाय, बोललो पण नाय. गाडीचा आवाज वळणापलीकडं गेला तशी ती सूप आपटून उठली.

"गाडी गेली ना रे. आयकली नाय? मंग बोलाया काय झालं? देवानं तोंड दिलंय का नाय? घरात मानूस बसलाय का खांब, तेच कलत नाय मेलं. किती वर्सं झाली सांगते, काय लागलं तर बोलावं मान्सानं. भूक लागली तर बोलावं. अंगात ताप असंल तर बोलावं. मी काय पोटात शिरून बगू? नुसता बसून ऱ्हातो. ऊठ आता, हातपाय धू. भाकर गार होते."